आयनांबर आणि चुंबकांबर : कुलाब्याच्या नोंदींच्या निमित्ताने

मी कला शाखेचा, भूगोल विषयाचा विद्यार्थी. विद्युत् व चुंबकत्व हा प्रांत आमचा नव्हे, आणि विज्ञान शाखेच्या मित्रांनी हा लेख वाचून मिशीतल्या मिशीत हसावे याचीही मला कल्पना आहे. तरीही हा विषय मी निवडला, कारण तो माझ्याकडे पुस्तकातून आला नाही. तो आमच्या शेताच्या बांधावरून आला.

आमच्या आणि आमच्या भाऊबंदांच्या शेतामधला बांध हा माझ्या जन्माच्या आधीपासून वादाचा विषय आहे. अखेर दोन्ही घरांनी मिळून एक खाजगी मोजणीदार बोलाविला. तारीख ११ ऑक्टोबर २०२४, दसऱ्याच्या आदला दिवस. पूर्वीच्या साखळीची जागा आता रोव्हर नावाच्या यंत्राने घेतली आहे. काठीच्या टोकावर ताटलीसारखे डोके असते, ते उपग्रहांचे संदेश घेते आणि आपण उभे आहोत ती जागा बोटा-दोन बोटांच्या अचूकतेने सांगते. त्या दिवशी मात्र ते सांगेना. मोजणीदार तासभर लिंबाखाली उभा राहिला. एकदा आकडा आला, तो बांधाच्या अलीकडचा. पुन्हा घेतला, तो पलीकडचा. मग त्याने काठी मिटली आणि तो म्हणाला, "आज फिक्स येत न्हाई. वर आभाळात गडबड हाय."

आभाळ स्वच्छ होते. चुलत्यांना वाटले आम्ही मोजणीदाराला वश केला, आमच्या घरच्यांना वाटले त्यांनी केला. "यंत्र बी फितूर झालं," असे आमची आजी म्हणाली. दसऱ्याचे सोने त्या वर्षी दोन्ही घरांनी एकमेकांना दिले नाही. 'वर आभाळात गडबड' म्हणजे काय, एवढेच मला जाणून घ्यायचे होते. त्यातून पुढचे सारे वाचन घडले.

प्रथम आयनांबराविषयी. आपल्या डोक्यावर सुमारे साठ-सत्तर किलोमीटरपासून पुढे हवा इतकी विरळ होते की सूर्याच्या अतिनील व क्ष-किरणांनी तिच्या अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे पडतात. सुटे इलेक्ट्रॉन आणि मागे राहिलेले धनभारित आयन यांची ही चादर हजार किलोमीटरपर्यंत पसरलेली आहे. तिलाच आयनांबर म्हणतात. तिचे डी, ई आणि एफ असे थर मानतात. सर्वांत खालचा डी थर दिवसा रेडिओच्या लहरी गिळतो, आणि सूर्य मावळला की विरून जातो. मुंबईच्या गिरणीतून निवृत्त झालेल्या आमच्या आजोबांकडे एक जुना रेडिओ होता. दिवसा त्यावर जवळची दोन-तीन केंद्रे लागत आणि रात्री मात्र कोठली कोठली परकी भाषा ऐकू येई. "रातच्याला जग जवळ येतं," असे ते म्हणत. आता कळते की जग होते तेथेच होते. डी थर नाहीसा झाला होता आणि वरचा एफ थर लहरी परत खाली पाठवीत होता. असा थर खरोखर आहे हे इंग्लंडमध्ये ॲपलटन यांनी १९२४ साली प्रयोगाने दाखविले, आणि पुढे १९४७ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

चुंबकांबर हा शब्द त्यामानाने नवा आहे. थॉमस गोल्ड यांनी १९५९ मध्ये तो प्रचारात आणला. पृथ्वी हे एक मोठे लोहचुंबक आहे हे आपण शाळेत शिकतो. तिच्या बलरेषा अवकाशात मोकळ्या पसरू शकत नाहीत, कारण सूर्याकडून सेकंदाला साधारण चारशे किलोमीटर वेगाने विद्युत्-भारित कणांचा झोत, म्हणजे सौरवात, अखंड वाहत असतो. सूर्याच्या बाजूला तो या चुंबकीय क्षेत्राला पृथ्वीच्या सुमारे दहा त्रिज्यांपर्यंत, म्हणजे साठ-पासष्ट हजार किलोमीटरपर्यंत दाबून धरतो. उलट बाजूला ते चंद्राच्या कक्षेच्याही पलीकडे शेपटासारखे ओढले जाते. या पोकळीचे नाव चुंबकांबर.

आता मुख्य प्रश्न. एक वस्तू शंभर किलोमीटरवर, दुसरी साठ हजार किलोमीटरवर. त्यांचा एकमेकींशी संबंध काय?

याचे उत्तर मला आमच्या पडक्या विहिरीने दिले. तिच्या काठावर मोटेची धाव अजून शाबूत आहे. बैल धावेवर उतरत, मोट विहिरीत असे. बैल आणि मोट एकमेकांना पाहत नसत, पण नाडा आणि सोंदूर या दोन दोरांनी दोघे बांधलेले. बैल चालला की मोट हलली. मोट गाळात रुतली की बैलाच्या खांद्याला ते कळले. चुंबकांबर आणि आयनांबर यांचे नाते असेच आहे, आणि त्यांतले दोर म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषा होत. अतिविरळ विद्युत्-भारित वायूत कण बलरेषेला दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखे जखडलेले असतात. रेषेच्या आडवे जाणे त्यांना कठीण, रेषेच्या बाजूने धावणे मात्र सोपे. म्हणून बलरेषा ही जणू तांब्याची तारच ठरते.

या मोटेचा मोटकरी सौरवात आहे. सौरवाताबरोबर सूर्याचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्रही येते. त्याची दिशा दक्षिणेकडे असली की ते पृथ्वीच्या उत्तराभिमुख क्षेत्राशी समोरच्या टोकाला जोडले जाते, ही कल्पना जेम्स डंजी यांनी १९६१ मध्ये मांडली. जोडलेल्या रेषा सौरवाताबरोबर ध्रुवावरून मागे शेपटाकडे ओढल्या जातात, तेथे तुटून पुन्हा जुळतात आणि परत फिरतात. प्रत्येक रेषेचा एक पाय आयनांबरात रोवलेला असल्याने आयनांबरातील कणांनाही ध्रुवप्रदेशावर तसेच फिरावे लागते. वर साठ हजार किलोमीटरवर जी उलथापालथ होते तिची लहान प्रतिकृती खाली ध्रुवाभोवती दोन भोवऱ्यांच्या रूपाने उमटते.

एवढेच असते तर आयनांबर म्हणजे नुसता आरसा ठरला असता. पण येथे हवा आडवी येते. शंभर ते एकशेतीस किलोमीटरच्या पट्ट्यात आयनांपेक्षा साध्या हवेचे रेणू कितीतरी पटींनी अधिक आहेत. हलका इलेक्ट्रॉन त्या गर्दीतून बलरेषेभोवती गिरक्या घेत सहज निसटतो. जड आयन मात्र रेणूंवर आपटत अडून राहतो. एक भार चालला आणि दुसरा मागे राहिला म्हणजेच विद्युत् प्रवाह सुरू झाला. हा प्रवाह कोठून तरी यावा लागतो आणि कोठे तरी जावा लागतो. तो एका बाजूच्या बलरेषांवरून खाली येतो, आयनांबरातून आडवा जातो आणि दुसऱ्या बाजूच्या रेषांवरून वर परततो. नाडा आणि सोंदूर, दोन्ही आले! वादळात हा प्रवाह लक्षावधी अँपियरचा असतो. त्याने तेथील हवा तापते व फुगते. वर जाणाऱ्या प्रवाहाच्या जागी खाली घुसणारे इलेक्ट्रॉन हवेवर आदळून ध्रुवीय प्रकाश पेटवितात. नॉर्वेच्या क्रिस्तियन बिर्केलँड यांनी हे उभे प्रवाह १९०८ मध्येच सुचविले होते. त्यांच्या हयातीत ते फारसे कोणी मानले नाही. उपग्रहांनी ते प्रत्यक्ष मोजले तेव्हा बिर्केलँड जाऊन अर्धे शतक उलटत आले होते.

मोटही बैलाला ओढते हे विसरून चालणार नाही. आयनांबराचे वाहकत्व किती यावर वरचा प्रवाह किती वाहणार ते ठरते. इतकेच नव्हे, तर ध्रुवप्रदेशातून ऑक्सिजनचे आयन बलरेषांवरून वर चढतात आणि चुंबकांबरात मिसळतात. मोठ्या वादळात पृथ्वीभोवती जो वलयप्रवाह तयार होतो, त्यात सूर्याकडून आलेल्या कणांपेक्षा आपल्याच हवेतला हा ऑक्सिजन वरचढ ठरू शकतो. वादळ सूर्याचे खरे, पण त्याच्या पोटात आपली हवा! मला या विषयातले सर्वांत मोठे आश्चर्य हेच वाटते.

आता कुलाब्याकडे वळू. मुंबईच्या कुलाबा भागात ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये वेधशाळा उभारली, आणि १८४१ पासून तेथे चुंबकीय मोजमापे सुरू झाली. 'दर्पण'कर्ते बाळशास्त्री जांभेकर यांचा या वेधशाळेशी संबंध होता, आणि पुढे टिळकांचे गुरू म्हणून प्रसिद्धी पावलेले केरूनाना छत्रे यांनी १८४० च्या दशकात, कोवळ्या वयात, तेथेच नोकरी केली. आपण साहित्याचे विद्यार्थी जांभेकरांना पहिले मराठी संपादक म्हणून ओळखतो. चुंबकसूचीच्या सान्निध्यात त्यांची कल्पना करीत नाही.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हे सौरडागांचे चित्र काढीत असता त्यांना डागांवर अचानक पांढरा लखलखाट दिसला. त्यानंतर साधारण साडेसतरा तासांनी वादळ पृथ्वीवर पोहोचले. २ सप्टेंबरची सकाळ कुलाब्यात उजाडली होती. त्या काळी नोंद आपोआप होत नसे. टांगलेल्या चुंबकाला आरसा लावलेला, त्यातील मोजपट्टीचा अंक दुर्बिणीतून डोळ्याने वाचायचा आणि वहीत लिहायचा. नेहमी तासातासाने वाचन होई. चुंबक बेचैन झाला की पंधरा मिनिटांनी, आणि फारच झाला तर पाच-पाच मिनिटांनी. त्या दिवशी अकराच्या सुमारास क्षितिजसमांतर चुंबकीय बल सुमारे १६०० गॅमांनी कोसळले. गॅमा हे जुने एकक, आजचे नॅनोटेस्ला तेच. आपल्याकडे हे बल मुळात अडतीस हजारांच्या घरात असते, हे लक्षात घेतले म्हणजे या घसरणीचा मान कळेल. युरोपातल्या कित्येक यंत्रांची नोंद त्या वादळात कागदाबाहेर गेली. कुलाब्याच्या निरीक्षकांनी मात्र वाचन सोडले नाही. क्यूबासारख्या उष्ण प्रदेशात त्या वेळी ध्रुवीय प्रकाश दिसला. (मुंबईतूनही असा प्रकाश दिसल्याची नोंद आहे, पण ती ४ फेब्रुवारी १८७२ ची, दुसऱ्या एका वादळातली.)

ही वही पुढे जवळजवळ दीडशे वर्षे पडून राहिली. २००३ मध्ये अमेरिकेचे त्सुरुतानी, ब्राझीलचे गोन्झालेस आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे लखिना व ॲलेक्स यांनी तिच्या आधारे निबंध प्रसिद्ध केला आणि कुलाबा हे नाव जगभर गेले. पण खरा वाद येथून पुढे सुरू होतो. चुंबकीय वादळात विषुववृत्ताकडील बल घटते ते मुख्यतः वलयप्रवाहामुळे, आणि वलयप्रवाह ओसरायला अनेक तास, कधी कधी काही दिवस लागतात. कुलाब्याची घसरण मात्र जशी आली तशी तासाभराच्या आत बरीचशी भरून निघाली. एवढा चटकन सावरणारा प्रवाह वलयाचा असेल काय? काही संशोधकांचे म्हणणे असे की त्या घटकेला बलरेषांवरून आयनांबरात उतरणारे प्रवाह नेहमीच्या ध्रुवप्रदेशातून सरकून पुष्कळ खाली आले असावेत, आणि कुलाब्याच्या चुंबकाने वलयाबरोबर त्यांनाही मोजले. तासाची सरासरी घेतली तर आकडा जवळपास निम्म्यावर येतो. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, वलयातलेच कण झपाट्याने नष्ट झाले. म्हणजे इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध वादळ किती मोठे होते, याचे उत्तर त्यात चुंबकांबराचा वाटा किती आणि आयनांबराचा किती, यावर अडले आहे. मला पहिल्या पक्षाचे म्हणणे अधिक पटते. दर्जेदार आकडा एकच, तोही एकाच ठिकाणचा. त्यावर साऱ्या पृथ्वीचे वादळ तोलणे हे एका साक्षीदारावर खटला चालविण्यासारखे आहे. मात्र तो साक्षीदार खोटे बोलत नाही, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरले. ट्रामच्या प्रवाहाने कुलाब्याचे नाजूक चुंबक बिघडणार हे उघड होते. तेव्हाचे संचालक, आणि त्या पदावरचे पहिले भारतीय, नानाभाई मूस यांनी अलिबागला नवी जागा शोधली. लोखंडाचा अंश नसलेल्या दगडाचे बांधकाम करून १९०४ मध्ये तेथे नोंदी सुरू केल्या आणि दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालू ठेवले, म्हणजे जुन्या-नव्या नोंदींचा सांधा जुळावा. केवढी ही दूरदृष्टी! गंमत अशी की मुंबईच्या कुलाब्याहून वेधशाळा गेली तीही कुलाबा जिल्ह्यातच. रायगड हे नाव त्या जिल्ह्याला १९८१ मध्ये मिळाले. आणि केरूनाना छत्रे जन्मले ते नागाव अलिबागच्या शेजारचेच. आमची सहल अलिबागला गेली होती. आम्ही ओहोटी पाहून किल्ल्यात जाऊन आलो, शहाळी प्यायलो आणि परत फिरलो. वेधशाळेची चौकशी आमच्यापैकी कोणी केली नाही, मीसुद्धा नाही. त्याची मला आज लाज वाटते.

अलिबागचे चुंबक आजही एका जोडीदारासह वापरले जाते, आणि तो जोडीदार तमिळनाडूत तिरुनेलवेलीला आहे. आपल्या खटाव-खानापूर भागातली माणसे गलाईच्या धंद्यानिमित्त कोठे कोठे गेली आहेत हे वाचकांना सांगावयास नको. माझे एक मामा तिरुनेलवेलीतच सोन्या-चांदीची भट्टी चालवितात. त्यांच्या डोक्यावरून, सुमारे १०५ किलोमीटर उंचीवरून, दिवसा पूर्वेकडे एक बलवान प्रवाह वाहतो, हे त्यांना मी फोनवर सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग लाईट का जाती रं रोज?" चुंबकीय विषुववृत्त तेथून जवळ जाते. बलरेषा तेथे जमिनीला समांतर आडव्या असल्याने आयनांबराचे वाहकत्व एका चिंचोळ्या पट्ट्यात फार वाढते. या प्रवाहाला विषुववृत्तीय विद्युत्झोत म्हणतात. तिरुनेलवेलीच्या दिवसाच्या वाढीतून अलिबागची वाढ वजा केली की झोताचे बळ कळते. केरळात थुंबा येथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिले रॉकेट उडाले, ती जागाही निवडली गेली ती याच चुंबकीय विषुववृत्ताच्या सान्निध्यामुळे.

आता दोन टोके जोडता येतात. सौरवाताचे क्षेत्र दक्षिणेकडे वळले की ध्रुवप्रदेशावर जे विद्युत्-क्षेत्र उभे राहते, ते तेथेच न थांबता आयनांबरातून जवळजवळ तत्काळ विषुववृत्तापर्यंत पोहोचते. ध्रुवावर मोट हलली की तिरुनेलवेलीचा काटा हलतो. काही वेळाने वलयप्रवाहाशी जोडलेले दुसरे प्रवाह त्याला आवर घालतात; आणि कित्येक तासांनी ध्रुवाकडची तापलेली हवा वाऱ्याच्या रूपाने खाली येऊन उलट दिशेचा परिणाम घडविते. दिवसा हे पूर्वाभिमुख क्षेत्र विषुववृत्तावरचे कण वर उचलते. ते बलरेषांवरून घसरत उत्तर-दक्षिणेला उतरतात, कारंज्याच्या पाण्यासारखे. भारतात त्याचा मोठा ढीग साचतो तो अहमदाबाद-भोपाळच्या रेषेवर. वडूज सतरा-साडेसतरा अंशांवर, म्हणजे कारंज्याच्या उतारावर येते. वादळात कारंजे जोराने उडाले की या उतारावर इलेक्ट्रॉनांची संख्या झपाट्याने चढते-उतरते, आणि उपग्रहाच्या संदेशाला इलेक्ट्रॉनांच्या गर्दीतून येताना तेवढा उशीर लागतो. मोजणीची यंत्रे दूरच्या स्थिर केंद्राशी तुलना करून ही चूक काढून टाकतात. पण त्या केंद्रावरचे आभाळ आणि आपल्या बांधावरचे आभाळ सारखे असेल तरच.

रात्रीची गोष्ट निराळी. सूर्य मावळल्यावर एफ थराच्या तळाशी विरळ वायूचे बुडबुडे तयार होतात आणि तेलाच्या थेंबाप्रमाणे वर उसळतात. बलरेषांच्या बाजूने ते लांबत आपल्या अक्षांशांपर्यंत येतात. कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातून भूचुंबकत्व संस्थेने रात्रीच्या आकाशाची जी चित्रे घेतली, त्यांत आयनांबराच्या मंद तांबड्या प्रकाशात हे बुडबुडे काळ्या पट्ट्यांसारखे पूर्वेकडे सरकताना दिसतात. आपल्या डोळ्यांना तो तांबडा प्रकाश दिसत नाही इतकेच.

शुक्र व मंगळ यांना असे चुंबकांबर नाही. तेथे सौरवात थेट आयनांबरावरच येऊन आदळतो. उलट गुरूचे चुंबकांबर प्रचंड आहे. तेथे मोटकरी सौरवात नसून मुख्यतः गुरूची स्वतःची दहा तासांची गिरकी आहे. त्याचा आयो हा उपग्रह बलरेषांच्या दोराने गुरूच्या आयनांबराशी बांधलेला असून त्याच्या पायाचा ठसा गुरूच्या ध्रुवीय प्रकाशात एका ठिपक्यासारखा उमटतो.

परत आमच्या बांधावर. १० ऑक्टोबर २०२४ च्या रात्री, आपल्या घड्याळाप्रमाणे, एक मोठे सौर वादळ पृथ्वीवर येऊन थडकले आणि ११ तारखेच्या पहाटे-सकाळी ते ऐन भरात होते. लडाखमधील हानले येथे त्या रात्री आकाश तांबडे झाल्याची छायाचित्रे आहेत. त्याच वर्षीच्या मे महिन्यात याहून मोठे वादळ झाले होते, तेव्हा अमेरिकेत पेरणीच्या ऐन दिवसांत उपग्रहावर चालणारे ट्रॅक्टर शेतकऱ्यांना थांबवावे लागले. आमच्या मोजणीदाराचा आकडा याच कारणाने चुकला, असे मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. यंत्र जुने असेल, लिंबाची सावली आडवी आली असेल. पण "आभाळात गडबड हाय" हे त्याचे वाक्य खोटे नव्हते, एवढे मी दोन्ही घरी जाऊन सांगितले. चुलत्यांनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, "मग तवा दोनी आकडे चुकीचं?" मी म्हणालो, "होय, दोन्ही."

दिवाळीनंतर तोच मोजणीदार पुन्हा आला. यंत्राने पाच मिनिटांत जागा दाखविली. तेथे पहार घातली तेव्हा दीड हात खाली हद्दीचा जुना दगड लागला. तो आमच्या ज्वारीत होता, बांधापासून चार पावले आत. वडिलांनी त्या चार पावलांतली ज्वारी त्या हंगामापुरती आमची, हे चुलत्यांकडून कबूल करून घेतले आणि दगडाला चुना लावला.